बीपच्या आधीचं वाक्य

(दृश्य: बटणांचा साधा फोन. अंगठा एकच्या बटणावर.)

मिस्ड कॉल दिला की थोड्या वेळात फोन उलटा वाजतो. आपलं म्हणणं सांगायचं असेल तर एक, दुसऱ्यांचं ऐकायचं असेल तर दोन. मग बीप.

छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेलं 'सीजीनेट स्वरा', म्हणजे गावातल्या लोकांचे निरोप आणि तक्रारी फोनवरून सगळ्यांना ऐकवणारं व्यासपीठ, चालतं ते असं. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी ते उभं केलं. इंटरनेट लागत नाही, लिहिता-वाचता यायला हवं असं नाही, आणि बोलणाऱ्याचा पैसाही जात नाही. निरोप गोंडीतूनही येतात. गडचिरोलीपासून बस्तरपर्यंत पसरलेली गोंडी २०११च्या जनगणनेत जवळपास ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, तिला जागा नाही.

असं काही उभारायचं तर आधी गावात बसून ऐकावं लागतं. "एक दाबा, जर तुम्हाला..." असं वाक्य केलं की ते संपेपर्यंत आकडा डोक्यातून गेलेला असतो. म्हणून काम आधी, आकडा शेवटी. पर्याय दोन, फार तर तीन. आवाज त्याच भागातल्या माणसाचा. बीप झाल्यावर पुष्कळ जण गप्प राहतात, कारण पलीकडून कुणी "बोला" म्हणेल अशी त्यांची अपेक्षा असते. तेव्हा तेही आधीच सांगून टाकायचं: बीप झाली की लगेच बोला.

फोन बहुधा घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो. चाचणी फक्त चावडीवर घेतली तर बायकांची अडचण कळतच नाही. त्यांच्याबरोबर वेगळं बसावं लागतं, त्यांच्या सवडीच्या वेळेला.

(दृश्य: कोरडा हातपंप.)

"हातपंप बंद आहे" एवढ्यानं काम होत नाही. गाव, पाडा, तालुका, पंप कधीपासून बंद, अर्ज कुणाकडे दिला, आणि त्या अधिकाऱ्याचा फोन नंबर. हा नंबर सगळ्यात मोलाचा, कारण ऐकणारे शहरातून थेट तिथे फोन लावतात. निरोप सगळ्यांना ऐकू जाण्याआधी संपादक तो ऐकतो, पडताळतो. त्याला फक्त हिंदी येत असेल तर गोंडी निरोप मागेच पडून राहतात. गोंडीही मुलखागणिक बदलते, तेव्हा एका गोंडी संपादकावर भागत नाही.

पंपाला पाणी आलं की गावातून पुन्हा फोन येतो. काम झालं हे सांगायला, आणि ज्यांनी फोन केले त्यांचे आभार मानायला.