याला बहर कधी येतो?

पहाटेचे पाच वाजलेत. गवतावर दव गोठून सगळी बाग पांढरी झालीय. जर्दाळूच्या फांद्या फुलांनी लगडल्यात, पाकळ्या टवटवीत आहेत. पण एक फूल हलकेच उकलून पाहा. आतला स्त्रीकेसर काळा पडलाय. यंदा या फुलाचं फळ होणार नाही.

आणि हेच झाड भर हिवाळ्यात उणे २० अंश सोसून उभं होतं.

थंड हवेच्या ठिकाणी परसात फळझाड लावायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो : हे किती थंडी सोसेल? तो विचारायलाच हवा. पण पानं गाळून निजलेलं झाड भलतं चिवट असतं. रशियातलं अंतोनोव्का सफरचंद तर कडाक्याच्या हिवाळ्यासाठीच ओळखलं जातं. नाजूक असते ती उमललेली कळी. सफरचंद पूर्ण बहरात असताना पारा उणे २ अंशांवर उतरला, तर दहातलं एखादं फूल जातं. उणे ४ वर दहातली नऊ जातात.

म्हणून मी आधी विचारते, याला बहर कधी येतो? जर्दाळू फार उतावळा. पीचही लवकर फुलतं. सफरचंद मात्र सावकाश, बरीच झाडं फुलून गेल्यावर. पहिलंच झाड लावणार असाल, तर माझं मत सफरचंदालाच.

झाड जागं कधी होतं, याचा हिशेब त्याच्या आतच असतो. साधारण ० ते ७ अंशांमधल्या थंडीचे ठरावीक तास भरले, की ते उबेची वाट पाहू लागतं. सफरचंदाच्या अनेक वाणांना असे ८०० ते १००० तास लागतात. 'ॲना'सारख्या उष्ण भागासाठीच्या वाणाला जेमतेम ३००. ते थंड प्रदेशात आणलं, तर त्याचा कोटा हिवाळा सरण्याआधीच पुरा होतो आणि चार उबदार दिवसांना भुलून ते फुलून बसतं.

'हनीक्रिस्प' हे वाण अशाच थंड मुलखातलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९६० मध्ये त्याचा संकर झाला आणि १९९१ मध्ये ते बागायतदारांच्या हाती आलं. एका फळासाठी ३१ वर्षं! त्या धीराचं मला फार अप्रूप वाटतं.

कलम घेताना खालचा खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर वाण जोडलंय ते, कोणता हेही विचारा. वरचं वाण कितीही काटक असलं, तरी मुळं खुंटाची असतात, आणि जमीन गोठते तेव्हा थंडीचा फटका त्यांनाच बसतो. जोडीदारही लागतो : सफरचंदाला त्याच सुमारास फुलणारं दुसऱ्या वाणाचं झाड जवळपास हवं. जागा एकाच झाडापुरती असेल, तर आंबट चेरी लावा, ती एकटीही फळते.

राहिली जागा. गार हवा पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगट भागात, भरीव कुंपणाशी साचते. ऊन धरणारी भिंतही फसवी. तिच्या उबेनं फळ छान पिकतं, पण झाडही लवकर जागं होतं.

रोप आणण्याआधी वसंतातल्या एखाद्या पहाटे बागेत जा. गोठलेल्या दवाचा पांढरा थर सगळ्यांत उशिरापर्यंत कुठे टिकतो, ते बघा आणि तिथे एक काठी रोवून ठेवा. खड्डा त्या काठीपासून दूर, चढाच्या बाजूला घ्यायचा.