हादरा, हिसका, थरथर : इंग्रजीतून अरबीत जाताना

मित्रहो, इंग्रजी-अरबी कोशात ‘शेक’ हा शब्द काढा. त्याखाली हझ्झ, रज्ज, झलझल, झअझअ, खद्द, नफद अशी क्रियापदं एकामागोमाग एक उभी असतात. ‘जोल्ट’ काढा, ‘जर्क’ काढा, तर पुन्हा त्यातलीच दोन-तीन समोर येतात. (उच्चारापुरतं सांगतो, हा ‘झ’ गाझामधला.) नवख्या भाषांतरकाराला वाटतं की सगळे समानार्थी आहेत, कोणताही उचलावा. तिथेच घोळ होतो. हलण्याचे शब्द भाषांतरित करताना आधी ती हालचाल डोळ्यांपुढे आणावी लागते. ती एकदाच झाली की होत राहिली? बाहेरून बसली की आतून उठली? हे ठरल्याशिवाय कोशाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्रजीची सोय आधी पाहू. एका फटक्यात होणाऱ्या हालचालीला तिथे छोटे, तुटक शब्द आहेत. गाडी खड्ड्यात आदळली की बसतो तो जोल्ट. दोरीला दिलेला हिसका म्हणजे जर्क. डोळा लागता लागता पाय आपोआप उडतो, तोही जर्कच. डोळा लवतो ती ट्विच. हालचाल लांबली की शब्दही लांबतो: शिव्हर, शडर, फ्लटर, वॅगल, जॉगल. शेवटचा ‘र’ किंवा ‘ल’ हे इंग्रजीत पुनरावृत्तीचं जुनं चिन्ह. ‘वॅग’ (शेपूट हलवणं) याचं ‘वॅगल’ झालं, ‘जॉग’ (हलका धक्का देणं) याचं ‘जॉगल’. शिवाय कारणावरूनही शब्द बदलतो. थंडीनं कुडकुडणं म्हणजे बहुधा शिव्हर, किळस किंवा भीतीनं अंगावर येतो तो शडर.

अरबीत हेच काम शब्दाच्या बांधणीत होतं, आणि तिथल्या व्याकरणकारांनी ते फार लवकर ओळखलं. आठव्या शतकात इराकमधल्या बसऱ्याला अल-खलील नावाचा पंडित होऊन गेला. त्याचं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. तो म्हणतो, रातकिड्याचा आवाज लोकांना लांब, सलग वाटला म्हणून त्यांनी त्याला ‘सर्र’ म्हटलं. ससाण्याचा तुटक-तुटक वाटला म्हणून ‘सरसर’. अक्षरं तीच, फक्त दुमडलेली. 1002 मध्ये वारलेल्या इब्न जिन्नीनं ‘अल-खसाइस’ या ग्रंथात हा धागा पुढे नेला आणि सांगितलं की अशी दुमडलेली चार व्यंजनांची रूपं पुनरावृत्ती दाखवतात. त्याच्या उदाहरणांत ‘झअझअ’ आहे, म्हणजे गदगदा हलवणं, आणि ‘कलकला’ही आहे. कुरआनपठणात पाच ठरावीक वर्ण थांबताना किंचित हिसका देऊन म्हणतात, त्यालाही ‘कलकला’ असंच नाव आहे.

थरथर, लटपट, डळमळ, गदगद हे शब्द तोंडी असलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. इंग्रज विद्यार्थ्याला जे सूत्र पाठ करावं लागतं ते आपल्या कानाला आधीच ठाऊक आहे. म्हणून अरबी शिकताना मराठी माणसानं इंग्रजीच्या वाटेनं जाऊ नये, थेट जावं.

आता दोन साचे लक्षात ठेवा. पहिला ‘फअला’, म्हणजे क्रिया एकदाच झाली. हझ्झा हा एक हलका किंवा जोराचा धक्का, रज्जा हा एक हादरा, नत्रा हा एक हिसका. दुसरा ‘इफ्तअल’, म्हणजे क्रिया स्वतःच्याच अंगात झाली. इर्तअश, इर्तअद, इर्तजफ, इहतझ्झ ही थरथरण्याची, कापण्याची क्रियापदं सगळी याच साच्यातली आहेत. जोल्ट बाहेरून येतो, त्याला पहिला साचा शोभतो. शडर आतून उठतो, त्याला दुसरा. फ्लिंच, म्हणजे दचकून अंग मागे घेणं, यासाठी ‘जफल’ आहे, जो घोड्यासाठीही वापरतात. आपण घोडा बुजला म्हणतो तसं.

कुरआनात हे शब्द किती काटेकोर आहेत ते पाहण्यासारखं आहे. 99व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, कयामतीच्या दिवशी पृथ्वी हादरते, तिथे ‘झुलझिलत’ आहे, दुमडलेलं रूप, म्हणजे थांबत नाही असं हादरणं. 56व्या सूरेत तोच प्रसंग ‘रुज्जत’नं सांगितलाय. समूद या प्राचीन अरब जमातीचा नाश करते ती ‘रजफा’, म्हणजे हादरा. पण 19व्या सूरेत प्रसूतीच्या वेळी मरियमला, म्हणजे येशूच्या आईला, खजुराचं खोड आपल्याकडे हलव असं सांगितलं जातं, तिथे ‘हुझ्झी’. आणि 22व्या सूरेत कोरड्या पडलेल्या जमिनीवर पाणी पडतं तेव्हा ती ‘इहतझ्झत’, म्हणजे हलली आणि फुगून वर आली. उद्ध्वस्त करणारं हलणं आणि जिवंत होणारं हलणं यांना वेगळी धातुरूपं आहेत. इंग्रजीत या शेवटच्या ठिकाणी ‘शेक’ लिहिणारा भाषांतरकार आयतीच हाती आलेली गोष्ट घालवतो.

बातम्यांच्या अरबीतही हा भेद टिकून आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तान-सीरियात झाला तो ‘झिलझाल’, आणि त्यानंतरचे धक्के ‘हझ्झात इर्तिदादिय्या’. मोठ्याला दुमडलेला शब्द, सुट्या धक्क्याला ‘हझ्झा’.

उमय्यद खलिफांच्या काळातला (सातवं-आठवं शतक) कवी अबू सख्र अल-हुझली याची एक ओळ व्याकरणाच्या ग्रंथांत हमखास येते. प्रचलित पाठानुसार तिचा अर्थ असा: तुझी आठवण आली की माझ्या अंगातून एक हझ्झा जाते, पावसानं भिजवलेलं पाखरू अंग झाडतं तशी. हे अंग झाडणं म्हणजे ‘इन्तफद’. नफद म्हणजे कपड्यावरची धूळ झटकणं. ते ‘इफ्तअल’ साच्यात आलं की स्वतःचं अंग झाडणं. त्याचंच नाम इन्तिफादा. डिसेंबर 1987 मध्ये गाझातल्या जबालिया निर्वासित छावणीतून पॅलेस्टिनींचा इस्रायलविरुद्धचा उठाव पसरला आणि हा शब्द जगभर गेला. पण राजकारणात तो त्याआधीही होता. जानेवारी 1977 मध्ये इजिप्तमध्ये अन्नाच्या दरवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर आले, त्याला ‘भाकरीची इन्तिफादा’ म्हणतात. अध्यक्ष सादात यांनी तिला ‘चोरांची इन्तिफादा’ म्हटलं होतं. इंग्रजी वर्तमानपत्रं या शब्दाचा अर्थ ‘अपरायझिंग’ असा देतात. त्यात उठणं येतं, पण अंगावर बसलेलं झटकून टाकणं येत नाही. ते निसटतं याची मला खरोखर खंत वाटते, कारण बोलणाऱ्याच्या मनात नेमकं तेच असतं.

शेवटी वैद्यक, कारण तिथे चुकून चालत नाही. डोक्याला मार लागून होणाऱ्या कन्कशनला ‘इर्तिजाज’ म्हणतात, म्हणजे रज्जाचाच आतला साचा. पार्किन्सनचा आजार ‘अश-शलल अर-रअआश’, थरथरता लकवा. 1817 मध्ये पार्किन्सननं स्वतः इंग्रजीत दिलेल्या नावाशी हे तंतोतंत जुळतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचं फिब्रिलेशन म्हणजे ‘रजफान’, आणि फ्लटर म्हणजे ‘रफरफा’. दोन्ही वेगळ्या व्याधी. पहिलीत कप्पे अनियमित थरथरतात, म्हणून रजफाचं रूप. दुसरीत फडफड वेगवान पण बरीच नियमित असते, म्हणून पंखांच्या फडफडीचा दुमडलेला शब्द. ‘रजफान’चा ‘-आन’ शेवट तरी कुठला? सीबवैहनं, अल-खलीलच्या शिष्यानं, उकळण्यासाठी ‘गलयान’ आणि मळमळीसाठी ‘गसयान’ ही उदाहरणं देऊन सांगितलंय की या साच्यातली नामं खळबळ आणि हालचाल दाखवतात. धडधडीला ‘खफकान’ म्हणतात तेही त्याच साच्यातलं.