समुद्राच्या पाण्यातल्या मिठाचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. शिरोड्याच्या मिठागरांत ऊन-वारा करतात तेच प्रयोगशाळेत करावे, म्हणजे लिटरभर समुद्राचे पाणी आटवून उरलेला क्षार तोलला की मिठाचे प्रमाण कळेल, असे कोणालाही वाटेल. परंतु त्या क्षारातले मॅग्नेशियम क्लोराइड पाणी धरून ठेवते आणि जास्त तापवल्यास त्याचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू निघून जातो. त्यामुळे तराजूवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून क्लोराइड, म्हणजे क्षारांतला क्लोरीनचा भाग, मोजायचे.

मालवणच्या किनाऱ्यावरून उन्हाळ्यात भरतीच्या वेळी आणलेले पाणी गाळून, त्यातले १० मिलिलिटर घ्यावे आणि त्यात शुद्ध पाणी घालून एकूण १०० मिलिलिटर करावे. या मिश्रणातले १० मिलिलिटर शंकुपात्रात घेऊन पोटॅशियम क्रोमेटचे थोडे थेंब टाकले की ते पिवळे होते. आता ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मापननळीतून, ०.०५ मोलार (लिटरमागे ०.०५ मोल; मोल हे कणांची संख्या मोजण्याचे एकक) सिल्व्हर नायट्रेट हळूहळू सोडावे. त्यातली चांदी क्लोराइडशी एकास एक जुळून पांढरा साका धरू लागतो. थेंब पडतो तेथे विटकरी छटा उमटते आणि पात्र हलवताच नाहीशी होते. ती हलवूनही टिकली, म्हणजे क्लोराइड संपले, की थांबावे. (हातमोजे मात्र घालावेत, या रसायनाचे काळे डाग बोटांवरून सहजी जात नाहीत.)

समजा, ११.२ मिलिलिटर सिल्व्हर नायट्रेट लागले. त्याला ०.०५ ने गुणल्यास ०.५६ मिलिमोल येतात, आणि पात्रात मूळ समुद्राचे पाणी एकच मिलिलिटर असल्याने लिटरमागे क्लोराइड ०.५६ मोल, म्हणजे १९.८५ ग्रॅम ठरते.

येथेच पुष्कळ विद्यार्थी घसरतात. ०.५६ ला ५८.४४ ने (एक मोल सोडियम क्लोराइडचे, म्हणजे खाण्याच्या मिठाचे, ग्रॅममधले वजन) गुणून ते ३२.७ ग्रॅम मीठ असे उत्तर लिहून मोकळे होतात. पण त्याच लिटरात सोडियम सुमारे ०.४८ मोलच असते, तेव्हा सोडियम क्लोराइड २८ ग्रॅमच्या वर जाऊच शकत नाही. उरलेल्या क्लोराइडचा जोडीदार मुख्यतः मॅग्नेशियम आहे. मीठ काढून घेतल्यावर मिठागरात राहणारे पाणी कडू लागते ते त्याच्यामुळेच.

एकूण क्षार काढणे त्यामानाने सोपे. चॅलेंजर या जहाजाच्या समुद्रसंशोधन मोहिमेतील ७७ नमुने तपासून रसायनशास्त्रज्ञ डिटमार यांनी १८८४ मध्ये दाखवले की, खुल्या समुद्रात मुख्य क्षारांचे परस्परप्रमाण जवळजवळ स्थिर असते. लिटरभर पाण्याचे वजन १.०२५ किलो धरल्यास किलोमागे क्लोराइड १९.३७ ग्रॅम येते, त्याला १.८०६५५ या ठरावीक गुणकाने गुणले की एकूण क्षार ३५ ग्रॅम.

पावसाळ्यात देवबागजवळ कर्लीच्या मुखाशी गोडे पाणी वरच्या थरात राहते, म्हणून नमुन्यासोबत खोली आणि भरती-ओहोटीची वेळ लिहून ठेवावी. नदीच्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण निराळे असल्याने, पाणी फारच गोडसर लागले तर तो गुणक न वापरता नुसता क्लोराइडचा आकडा नोंदवावा.