दान नववीतल्या लेकरासाठी

नमस्कार, श्रोते हो.

तूर घरात आली की आपल्याकडे सप्ताह बसतात. पहाटे काकडा, दुपारी भागवत, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काला. काल्याच्या पंगतीला रोडगे, वांग्याची भाजी, वरण. ज्याचं सोयाबीन पिवळ्या मोझॅक रोगानं गेलं तोही शंभराची पावती फाडतो, आणि ज्याच्याकडे पैसा नाही तो दोन पायल्या गहू आणून टाकतो. तेव्हा विदर्भातल्या माणसाला दान शिकवायला मी बसलेलो नाही. ह्या देण्यातला एक वाटा गावातल्या लेकरांसाठी बाजूला काढावा, एवढंच मागणं आहे. आणि तो नेमका कुठं घालावा, ह्यावर आज जरा जास्त बोलणार आहे.

देऊळ मोठं की शाळा, असलं भांडण मला लावायचं नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन कीर्तन केलं आणि त्याच कीर्तनाच्या जोरावर धर्मशाळा, वसतिगृहं, शाळा उभ्या केल्या. ताट नसलं तर भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, हे ते गावोगाव सांगत राहिले. डॉ. पंजाबराव देशमुख तर आणखी पुढं गेले. 1932 साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळात त्यांनी देवस्थानांच्या संपत्तीचं विधेयक आणलं. देवस्थानांकडे पडून असलेला पैसा लोकांच्या कामी यावा, हा त्याचा रोख. त्यावर बराच विरोध झाला. त्यांच्याच श्रद्धानंद छात्रालयात मात्र सगळ्या जातींची मुलं एकत्र राहून शिकली. म्हणजे हा विचार आपल्या मातीत कधीचाच रुजलेला आहे.

आता पारावरचा नेहमीचा सवाल. "सरकार देते ना सारं, मंग आपण काहून द्यावं?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट बघू. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे पहिली ते आठवी. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. फुकट पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. गणवेशाचे दोन जोड, तेही आठवीपर्यंत. पोरगं नववीत पाऊल टाकतं आणि हे सगळं एकदम थांबतं.

बालमजुरीचा कायदाही ह्याच वयाला येऊन सैल होतो. 2016 च्या दुरुस्तीनं चौदाच्या आतल्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, त्यात घरच्या कामात शाळा सांभाळून मदत करण्याची सूट ठेवली. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना मनाई आहे ती धोक्याच्या कामांची. म्हणजे ज्या वर्षी शाळेचा हात सुटतो, त्याच वर्षी मजुरीचं दार उघडतं. वर आपलं पीक असं की दसरा-दिवाळीपासून कापूस वेचणी सुरू होते, ती किलोमागे असते आणि चौदा वर्षांची पोर आईच्या बरोबरीनं वेचते. चार दिवस वेचणीला गेलेली पोर पाचव्या दिवशी वर्गात येते तेव्हा बीजगणित पुढं निघून गेलेलं असतं. मग तिला वर्गात बसायची लाज वाटते. आईबाप शाळा बंद कर असं म्हणत नाहीत बहुतेक वेळा. ते फक्त काही बोलत नाहीत.

त्यात अंतर. आपल्या कितीतरी गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, कुठं सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल दुसऱ्या गावाला. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या, मुलींना शाळेत नेणाऱ्या निळ्या गाड्याही फिरतात. पण गाडी फाट्यावर सोडते. फाट्यापासून गाव दोन-तीन किलोमीटर, दोन्ही बाजूंनी उंच तूर, आणि थंडीत पाच-साडेपाचलाच अंधारून येतं. पास फुकट असूनही ह्या दोन किलोमीटरांवर मुलीचं शिक्षण अडतं. काही तालुक्यांत गरजू मुलींना मानव विकासातून सायकल मिळते, पण जिला ती मिळत नाही तिच्यासाठी एक सायकल, नाहीतर त्या पाच-सहा मुलींना फाट्यावरून आणणारा ऑटो, हा खर्च उरतोच. तो गावानं उचलायचा.

म्हणून माझं म्हणणं असं की दान नववीला द्या. पहिलीच्या मुलांना पाट्या आणि दप्तरं वाटणं सोपं आहे, फोटोही छान येतात, पण तिथं सरकार आधीच उभं आहे. पंधरा ऑगस्टला रांग लावून वह्या वाटायच्या आणि त्या लेकरानं वही छातीशी धरून कॅमेऱ्याकडे बघायचं, हे तर मला अजिबात पटत नाही. चौदा वर्षांच्या पोराला सगळं कळतं. आपण गरीब म्हणून फोटोत उभे आहोत हेही कळतं. द्यायचं तर मुख्याध्यापकांमार्फत, नाव न सांगता, आणि नववी ते बारावी अशी चार वर्षं सलग. एका वर्षाची मदत दुसऱ्या वर्षी त्या पोराला आणखी अवघड जागी नेऊन सोडते.

सगळं दान पैशाचंच असतं असं नाही. ज्या घरातला कर्ता गेला, मग तो आजारानं असो की कर्जापायी, त्या घरातल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले ह्यांच्या नावाची. मुलामागे महिन्याला 2,250 रुपये, वयाच्या अठरापर्यंत. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, बँक खातं लागतं, आणि अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जातो. नवरा गेलेली बाई रोजी बुडवून तालुक्याला किती चकरा मारणार? गावातल्या एखाद्या निवृत्त गुरुजींनी किंवा कॉलेजातल्या पोरानं तिच्यासोबत जाऊन हा अर्ज पुरा केला, तर एक रुपयाही न देता वर्षाला सत्तावीस हजारांचं दान होतं. मला विचाराल तर विदर्भात आज सगळ्यात जास्त गरज ह्याच दानाची आहे.

दुसरं दान जागेचं. देवळाचा सभामंडप, गुरुदेव सेवा मंडळाचं प्रार्थनामंदिर संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना झाली की रिकामं असतं. तिथं सात ते नऊ दिवा आणि पंखा चालू ठेवायचा, चार चटया टाकायच्या, वीजबिल वर्गणीतून भरायचं. घरात एका खोलीत टीव्ही, चूल आणि पाहुणे असतात, तिथं दहावीचा अभ्यास कसा होणार? गणित आणि इंग्रजीला कोणी शिकवणारं मिळालं तर त्याला मानधन द्या. थोडं द्या, पण दर महिन्याला वेळेवर द्या.

शाळेच्याही आधीचं एक सांगतो. लेकरू जगलं-वाढलं तर शिकेल ना! गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या सर्च संस्थेनं 39 गावांत तिथल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली हे लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मोठं हॉस्पिटल बांधून हे झालं नाही, गावातल्याच बाईच्या हातून झालं. गावच्या आरोग्यसेविका, म्हणजे आशाताई, आज घरोघर जाऊन बाळ बघतात, त्यामागे हे काम आहे. तेव्हा अंगणवाडीचा वजनकाटा बिघडलेला दिसला तर वरून कधी दुरुस्त होईल म्हणून बसू नका.

हिशेबाचं काय, असं कोणी मनात म्हणत असेल. बरोबर आहे, वर्गणीचा पैसा म्हटलं की कुजबूज आलीच. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया असतात. त्यांच्यातल्याच दोन बायांकडे हिशेबाची वही द्या. जमा किती, खर्च किती, ते दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. मुलांची नावं मात्र लिहू नका.

आपल्याकडे ऊन मोठं, म्हणून शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. सप्ताहाची वर्गणी त्याच्या कितीतरी आधी गोळा होते. मधल्या काळात, एप्रिल संपायच्या आत, शाळेत जा आणि आठवीचा हजेरीपट मागून घ्या. त्यातली कोणती मुलं पुढच्या गावाला नाव घालणार आहेत आणि कोणती घालणार नाहीत, हे वर्गशिक्षकांना तोंडपाठ असतं. जी घालणार नाहीत, त्यांच्या घरी संध्याकाळी जा. मायबाप मजुरीवरून परतलेले असतात तेव्हा.

नमस्कार.