माल परत मागवला, पण कुणाला कळलं?

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळी कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलं की म्हैस समोर उभी असते. गवळी तुमच्या देखत धार काढतो, फेसाळ दुधाचा पेला हातात येतो आणि तुम्ही तो उभ्या उभ्या रिकामा करता. पाणी घातलंय का, पावडर मिसळलीय का, हा प्रश्नच उरत नाही. डोळ्यांदेखत काढलंय ना, विषय संपला! आता डॉक्टर मंडळी म्हणतील की न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात, आणि ते खरंच आहे. बघितलेलं सगळं निर्धोक असतं असं नाही. पण आज मला बोलायचंय ते न बघितलेल्या गोष्टींबद्दल. औषधाची बाटली, बाळाची पावडर, लसीची कुपी. कारखाना कुठं हिमाचलात नाहीतर तमिळनाडूत, आणि वस्तू आपल्या फडताळात.

"कंपनीवाल्यास्नी काय, माल खपला म्हंजे झालं," हे वाक्य एसटीत, सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकड्यावर रोज कानावर पडतं. असं बोलणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळं व्हायची शिकलेल्या लोकांना सवय आहे. मला ती पटत नाही. या संशयाला कारणं आहेत, आणि ती सरकारी कागदांवर नोंदलेली आहेत.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात काय झालं ते आठवा. साध्या सर्दी-खोकल्याची मुलं. डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणून 'कोल्ड्रिफ' नावाचं सिरप पाजलं, आणि काही दिवसांत मुलांची लघवी बंद झाली. मूत्रपिंडं निकामी होऊन वीसहून जास्त लेकरं गेली. तमिळनाडूच्या औषध विभागाने कांचीपुरमच्या कारखान्यातला नमुना तपासला, तर त्यात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं 48.6 टक्के. चालतं किती? 0.1 टक्का. म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली विष.

हे रसायन ब्रेक ऑइलसारख्या कारखानदारीच्या कामाचं. चवीला गोड, दिसायला ग्लिसरीनसारखं, आणि स्वस्त. सिरपला औषधी दर्जाचं ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल लागतं, ते महाग पडतं. म्हणून मग कुणीतरी स्वस्तातलं पिंप खपवतो, आणि कारखान्यात ते पिंप तपासल्याशिवाय ओतलं जातं. एवढी साधी चूक आणि किती जुनी! 1937 मध्ये अमेरिकेत याच रसायनाने शंभरावर माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी तिथं नवा औषध कायदा आला. 1986 मध्ये आपल्या मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, भेसळीच्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांची झाडाझडती घेतली. 2022 मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात सत्तरच्या आसपास मुलं गेली, त्या प्रकरणातलं सिरप हरियाणातून गेलेलं. आणि मग छिंदवाडा. विष तेच. दर वेळी न तपासणंही तेच.

छिंदवाड्याच्या बातमीनंतर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना सांगितलं की बॅच नंबर एसआर-13 असेल तर बाटली वापरू नका आणि आम्हाला कळवा. बरोबर केलं. पण ती बातमी ऐकून आपल्यापैकी कितीजणांनी फडताळ उघडलं? आणि उघडलं असेल, तर नंबर वाचता आला का? मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, त्यावर सिरपचा ओघळ येऊन चिकटलेली धूळ, निम्मा आकडा पुसलेला. गोळ्यांचं तर विचारूच नका. मेडिकलवाला पाकीट कात्रीने कापून चार गोळ्या देतो, आणि बॅच नंबर छापलेला तुकडा त्याच्याच डब्यात राहतो. बिल मागितलं तर, "कशाला पायजे काकी, चाळीस रुपयांचं तर हाय." काकीही लाजते आणि निघते. पुढे त्याच बॅचची तक्रार निघाली, तर काकीच्या घरी कोण आणि कसं पोचणार?

माझं म्हणणं इथंच आहे. वस्तू सदोष निघणं वाईट. पण ती सदोष आहे हे कंपनीला कळलं, स्टॉकिस्टला कळलं, सरकारला कळलं, आणि ज्याच्या पोटात गेली त्यालाच कळलं नाही, तर माणूस पुढच्या दहा वस्तूंवरही भरवसा ठेवत नाही.

एकाच कंपनीच्या तीन गोष्टी सांगतो. 1982 मध्ये शिकागोत टायलेनॉल नावाच्या वेदनाशामक कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं आणि सातजण गेले. विष कंपनीने घातलेलं नव्हतं, दुकानात कुणी भामट्याने बाटल्या उघडून घातलेलं होतं. तरी जॉन्सन अँड जॉन्सनने अमेरिकाभरातल्या सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या, टीव्हीवरून, वर्तमानपत्रांतून सांगितलं की आमचा माल घेऊ नका. नुकसान दहा कोटी डॉलरच्या वर गेलं. काही महिन्यांत तीच कॅप्सूल नव्या सीलबंद बाटलीत आली आणि लोकांनी ती विकत घेतली. व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट अजून शिकवतात.

दुसरी गोष्ट त्या वर्गात तितकी रंगवून सांगत नाहीत. याच समूहातल्या डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा कृत्रिम खुबा होता. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरायला लागले. ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून माल परत मागवला. भारतात सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लावून धरलं, केंद्राची समिती बसली, 2018 मध्ये अहवाल बाहेर आला. त्यात सापडलेले रुग्ण किती? हजाराच्या थोडे वर. उरलेल्या साडेतीन हजारांवर माणसांचा पत्ताच नाही! म्हणजे कपाटातला माल परत आला, आणि माणसाच्या कमरेतला तिथंच राहिला. यातली किती माणसं आज कुठल्या गावात काठी टेकत, "वय झालं, दुखायचंच," म्हणत असतील?

तिसरी गोष्ट पावडरीची. बाळंतिणीच्या खोलीतला तो पांढरा डबा सगळ्यांनी बघितलाय. सप्टेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने मुलुंडच्या कारखान्याचा बेबी पावडर बनवण्याचा परवाना रद्द केला. कंपनी उच्च न्यायालयात गेली, नव्याने नमुने तपासले गेले, ते निकषात बसले, आणि जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने सरकारचा आदेश रद्द ठरवला. तिकडे परदेशात टाल्क नावाच्या खनिजाच्या पावडरीवरून हजारो खटले चाललेले, आणि कंपनीने 2023 मध्ये टाल्कची बेबी पावडर जगभर बंद केली. आता बाळाच्या आजीने यातून काय समजायचं? तिने डबा उचलून माळ्यावर टाकला, झालं.

तेव्हा कंपनी सज्जन की लबाड, यावर वाद घालण्यात मला रस नाही. नाव तेच होतं. 1982 मध्ये अख्खा देश डोळे लावून बसलेला होता. 2010 मध्ये इथं कुणी बघत नव्हतं. फरक पडला तो एवढ्यानंच.

कायदा नाही असंही नाही. अन्नपदार्थ परत मागवण्याचे नियम 2017 मध्ये आले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला माल परत मागवायला लावण्याचा अधिकार दिला. 2019 मध्येच सदोष गाड्या परत मागवण्यासाठी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. गाडीचं बघा कसं आहे: तुमच्या एमएच 09 गाडीचा एखादा पार्ट खराब निघाला, तर शोरूममधून फोन येतो, कारण नाव, नंबर, मोबाइल सगळं त्यांच्याकडे असतं. औषधाला तसा फोन येत नाही. चार चाकांची नोंद आहे, पोटाची नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून जास्त खपाच्या 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, मोबाइल धरला की बॅच, तारीख, कारखाना दिसावा म्हणून. चांगली सुरुवात आहे. पण माझ्या सत्तरीतल्या शेजाऱ्याला त्यावर मोबाइल धरून दाखवणार कोण?

आता लसीकडे येतो. खोकल्याचं औषध आजारी मुलाला देतात. लस धडधाकट बाळाला टोचतात. त्यामुळे आईचा निकष इथं जास्त कडक असणारच, आणि असावाच.

2024 च्या एप्रिल-मे मध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर एकच मजकूर फिरत होता: कोव्हिशील्डने रक्ताच्या गाठी होतात, कंपनीने कोर्टात कबूल केलं. त्यात खरं काय होतं? या लसीच्या मूळ कंपनीने, अ‍ॅस्ट्राझेनेकाने, इंग्लंडच्या न्यायालयात म्हटलं होतं की फार क्वचित असा त्रास होऊ शकतो. पण ही गोष्ट 2021 च्या वसंतातच युरोपात लक्षात आलेली होती. आपल्या सरकारच्या समितीने 17 मे 2021 ला आकडे दिले होते. तपासलेल्या 498 गंभीर घटनांपैकी 26 मध्ये गाठींचा संशय होता, म्हणजे दहा लाख डोसमागे 0.61. आणि हा त्रास डोस घेतल्यावर साधारण चार ते बेचाळीस दिवसांत दिसतो. दोन-तीन वर्षांनी छातीवर हात ठेवून बसायचं कारण नव्हतं. 2024 च्या त्या मे महिन्यात कंपनीने युरोपातून लस मागे घेतली, कारण नव्या विषाणूंसाठी नव्या लसी आल्या होत्या आणि मागणीच उरली नव्हती. पुण्याच्या सीरमने तर कोव्हिशील्ड बनवणं डिसेंबर 2021 मध्येच थांबवलं होतं. आपल्याकडे अर्थ काढला गेला: "बघा, माल परत मागवला!"

लोकांना दोष देऊ नका. तो 0.61 चा आकडा 2021 मध्ये दिल्लीच्या पत्रकात होता. शिरोळ-गडहिंग्लजच्या लसीकरण केंद्रात, मराठीत, भिंतीवर लावलेला असता, तर 2024 चा मजकूर कुणी वाचून पुढे पाठवला नसता. निदान पाठवण्याआधी थांबले असते.

आणि ज्या घरात खरंच माणूस गेलं, त्यांचं काय? अशा पालकांनी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. 2022 मध्ये केंद्राने सांगितलं की भरपाई हवी तर दिवाणी न्यायालयात जाता येईल. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने वेगळा निधी उभा केला. तिथं लसीत ज्या रोगांपासून संरक्षण असतं त्या प्रत्येक रोगामागे 75 सेंट जमा होतात, आणि इजा झालेल्याला त्यातून भरपाई मिळते. ज्याच्या घरी हे झालं त्याला वकिलाच्या पायऱ्या झिजवायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. सगळ्यांच्या भल्यासाठी टोचून घेतलं, तर इजेचा भारही सगळ्यांनी उचलावा.

प्रत्येक वेळी दोष कंपनीचाच असतो असंही नाही. जानेवारी 2022 मध्ये पलीकडे बेळगाव जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, गोवर-रुबेलाच्या लसीनंतर तीन बाळं दगावली. चौकशीत बोट गेलं ते लसीच्या साठवणुकीकडे. कुप्या हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवल्याचं समोर आलं. लस चांगली, कारखाना चांगला, आणि शेवटच्या पाच किलोमीटरवर घात.

तिथं मात्र आपल्याला डोळ्यांनी बघता येतं. सरकारी लसीच्या कुपीवर एक छोटा जांभळा गोल असतो आणि त्याच्या आत फिकट चौकोन. कुपीला ऊन लागलं, ऊब लागली, की तो चौकोन हळूहळू गडद होत जातो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस वापरता येते. चौकोन गोलाइतकाच किंवा त्याहून गडद झाला, की ती कुपी टाकून द्यायची. हे समजायला वाचता यायची गरज नाही. बाळाला घेऊन अंगणवाडीत गेलात की म्हणा, "ताई, कुपी दाखवा की जरा." चांगली नर्स चिडत नाही. बहुतेक जणी स्वतःहून दाखवतात. गोवराची कुपी एकदा पाणी घालून कालवली की चार तासांत संपवायची किंवा टाकायची असते, तेही विचारा. आणि टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात तो कुणाचा वेळ खायला नव्हे. अ‍ॅलर्जीचा जोराचा झटका आलाच तर बहुधा त्या वेळातच येतो, आणि इंजेक्शन हाताशी असतं.

त्रास झाला तर आशा ताईंना सांगा, प्राथमिक केंद्रात सांगा, शहरात असाल तर थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर या सरकारी रुग्णालयात, सांगा आणि लिहून घ्यायला लावा. गंभीर घटनेची चौकशी जिल्हा समितीला करावी लागते. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. औषधाचा किंवा लसीचा दुष्परिणाम रुग्णाला स्वतःलाही कळवता येतो. नंबर लिहून घ्या: 1800-180-3024. पुन्हा सांगतो, 1800-180-3024. कळवताना औषधाचं नाव, बॅच नंबर आणि कधी घेतलं ते लागतं, म्हणून उद्यापासून मेडिकलमध्ये पाकिटाचा बॅच नंबराकडचा तुकडा मागा आणि चाळीस रुपयांचं असलं तरी बिल घ्या. भेसळीचा, खराब औषधाचा संशय असेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा नंबर आहे 1800-222-365.

नमस्कार.