डोळ्यातनं पाणी येतंय, तरी डोळे कोरडे

(वडगावात महिला मंडळापुढं दिलेलं व्याख्यान, थोडं आवरून लिहिलेलं)

नमस्कार. मला विषय दिला होता "डोळ्यांची निगा", खरं एवढा मोठा विषय धरला तर रात्रीच्या जेवणापर्यंत आपण इथंच बसू, म्हणून एकच तक्रार घेतो, आमच्या ओपीडीत रोजची. एखाद्या मावशी येतात, पदरानं डोळे पुसायल्यात, म्हणतात डॉक्टर सारखं पाणी येतंय, जळजळतंय, आत खडा गेल्यासारखं टोचतंय. मी तपासतो आणि म्हणतो, मावशी तुमचे डोळे कोरडे पडलेत. मग त्या माझ्याकडं अशा बघतात की ह्या बाबाला डॉक्टर कुणी केलं!

खरं त्यात गंमत अशी आहे बघा. आपल्या डोळ्यावर जो ओलावा असतो तो नुस्तं पाणी नव्हे. बुबुळाला चिकटून एक बुळबुळीत थर, त्यावर पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा एकदम पातळ थर. हे तेल पापणीच्या कडेतनं येतं, वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० बारीक ग्रंथी असतात, त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात, मायबोम नावाच्या जर्मन डॉक्टरनं १६६६ साली त्यांचं वर्णन केलं म्हणून. तेलाचा थर नीट असला की खालचं पाणी उडून जात नाही. तो बिघडला की पापणी मिटून उघडल्यावर १० सेकंदांच्या आतच ओलावा जागोजागी फाटतो, बुबुळ उघडं पडतं, ते चुरचुरतं, आणि मग मेंदू घाबरून पाण्याची टाकीच सोडतो. ते पाणी गालावर येतं, डोळ्यावर टिकत नाही. म्हणजे पाणी येणं हीच कोरडेपणाची खूण. पाणीच कमी तयार होतं असेही पेशंट असतात, खरं तेल बिघडलेले जास्त.

आता हे तेल बिघडतं कशानं? थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि तुम्ही ती उन्हात ठेवता, तसंच पापणीतलं तेल घट्ट होऊन तोंडाशी अडकतं. वय वाढतं, पाळी जाते तसा हा त्रास वाढतो, पापणीच्या कडेला कोंडा धरतो त्यांना होतो, आणि काजळ अगदी पापणीच्या आतल्या कडेला ओढता ना, ते त्याच ग्रंथींच्या तोंडावर बसतं. काजळ लावू नका म्हणत नाही मी, घरात ऐकून घ्यावं लागतं, खरं केसांच्या बाहेरच्या बाजूला लावा आणि रात्री धुऊन झोपा.

दुसरं कारण पापणी न मिटणं. आपण साधारण मिनिटाला १५ ते २० वेळा पापणी मिटतो. मोबाईल, कॉम्प्युटर बघताना ते ५ ते ७ वर येतं, आणि मिटली तरी अर्धीच. हे फक्त पोरांचं समजू नका. मागावर तुटलेली तार शोधताना, कांड्या भरताना, साडीला बारीक काम करताना तुम्ही पण तसंच टक लावून बसता की, वरनं सुताची बारीक धूळ आणि डोक्यावर फॅन. निपाणीकडं तंबाखूची धूळ, खानापूर भागात अजून कितीतरी घरात चुलीचा धूर, आणि फेब्रुवारीपासनं पाऊस लागेपर्यंत कोरडं वारं सुटतं ते वेगळंच. बाईकवर हेल्मेटची काच वर करून जाणारे तर डोळ्याला हेअर ड्रायरच लावून जातात.

तिसरं म्हणजे गोळ्या. सर्दी-अॅलर्जीच्या, काही बीपीच्या, झोपेच्या आणि डिप्रेशनच्या, पिंपलसाठीच्या काही. शुगर आणि थायरॉईडनं पण होतं. मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत हं, यादी घेऊन यायचं, एवढंच. आणि डोळ्याबरोबर तोंड पण कोरडं पडतंय, भाकरी पाण्याशिवाय गिळत नाही, सांधे दुखायल्यात असं असेल तर रक्त तपासून घ्या, शोग्रेन नावाचा आजार असतो, चाळिशीच्या पुढच्या बायकांत जास्त.

ओळखायचं कसं? धूसर दिसतंय आणि दोन-तीनदा पापणी मिटली की स्वच्छ होतंय, तर बहुतेक कोरडेपणा. मोतीबिंदू पापणी मिटून जात नाही. आम्ही कागदाची पट्टी खालच्या पापणीत ५ मिनिटं ठेवून किती मिलिमीटर भिजली ते बघतो, १० च्या खाली आली तर पाणी कमी. ती नॉर्मल आली तरी तेलाचा दोष असू शकतो, म्हणून पापण्या दाबून पण बघतो.

उपाय. लोकांना फक्त ड्रॉप पाहिजे असतो, आणि ड्रॉप लागतोच, कृत्रिम अश्रूंचा, खरं पापणी सोडून नुस्तं ड्रॉप घालणं म्हणजे अर्धंच औषध. स्वच्छ कापड कोमट पाण्यात पिळून, अंगाला सोसेल इतपतच गरम, मिटलेल्या डोळ्यावर ५ ते १० मिनिटं धरा, थंड झालं की परत बुडवा. मग बोटानं वरची पापणी वरनं खाली, खालची खालनं वर, हळू चोळा, बुबुळावर दाब नको. रोज, आठवडे-महिने. चार दिवस करून "काय फरक नाही हो" म्हणू नका. काम करताना अधनंमधनं मुद्दाम पापणी पूर्ण मिटा, दोन सेकंद धरा, सोडा.

ड्रॉप दिवसात चार-सहा वेळांच्या वर लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध टिकायला घातलेलं रसायन, नसलेला घ्या, थोडा महाग पडतो, खरं नेहमीच्यातलं प्रिझर्व्हेटिव्हच डोळ्याला झोंबायला लागतं. साधी बाटली फोडली की महिन्यानं टाकायची. मेडिकलमधनं "डोळा लाल झालाय, काहीतरी द्या" म्हणून आणलेला ड्रॉप मात्र घालू नका, ह्याच्यावर मी भांडायला पण तयार आहे. त्यात स्टेरॉईड असलं तर दोन दिवसांत इतकं बरं वाटतं की माणूस महिनोन् महिने घालत बसतो, मग डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदू होतो, गेलेली नजर परत येत नाही. गुलाबपाणी, मध, एरंडेल, कोरफडीचा गर, ह्यातलं काही डोळ्यात घालायचं नाही, ते निर्जंतुक नसतं.

एवढ्यानं भागलं नाही तर डोळ्याची सूज कमी करणारा सायक्लोस्पोरिनचा ड्रॉप असतो, सुरुवातीला जळजळतो आणि गुण यायला महिने लागतात. अश्रू नाकात उतरतात त्या बारीक भोकाला बूच पण बसवता येतं. एकदम दुखायला लागलं, उजेड सोसवत नाही, नजर कमी झाली, तर असलं काही करत बसायचं नाही, सरळ दाखवायचं.

जवसाची चटणी खाल्ली तर चालते काय, हे मघाशी एका काकूंनी कानात विचारलं. चालते की, चवीला खावा. जवसात ओमेगा-३ नावाची चरबी असते, म्हणून विचारतात. ओमेगा-३ च्या माशाच्या तेलाच्या गोळ्यांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २०१८ साली छापून आली, ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा काही जास्त फरक दिसला नाही. तेव्हा त्या महागड्या कॅप्सूल घेण्यापेक्षा ते पैसे चांगल्या ड्रॉपला घाला.