पावसाळ्यातलं भंगार

कोल्हापूर. शिरोली एमआयडीसी. जुलैची झड लागलीय, आणि फाउंड्रीच्या, म्हणजे धातू वितळवून ओतणाऱ्या कारखान्याच्या, शेडबाहेर भंगाराचा ढीग भिजतोय. आत इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, लोखंडाचा रस खदखदतोय, १४०० अंश सेल्सिअसच्या वर.

या दोघांची गाठ पडता कामा नये.

नवा माणूस आगीला घाबरतो. जुना फर्नेसमन घाबरतो पाण्याला. रसाखाली पाणी सापडलं की त्याची एका क्षणात वाफ होते, आणि लिटरभर पाण्याच्या वाफेला १६०० लिटरहून जास्त जागा लागते. ती जागा वाफ वरचा रस उधळून मिळवते.

पाणी कुठून येतं? ओल्या भंगारातून. दोन्ही तोंडं चेपलेल्या पाइपमधून, जो बाहेरून कोरडा दिसतो. पुरत्या न तापवलेल्या लॅडलच्या, म्हणजे रस ओतायच्या भांड्याच्या, अस्तरातून. काँक्रीटमध्येही ओल असते, रस सांडला की तेही तडतडून उडतं. म्हणून ओतकामाच्या जागी जमिनीवर कोरडी वाळू हवी. भंगार छपराखाली हवं, बंद पाइप कापूनच भट्टीत जायला हवा. आणि लॅडल? ती घाईत अर्धवट तापवून गॅस वाचवणं ही काटकसर नाही. तो दुसऱ्याच्या अंगावर टाकलेला धोका आहे.

आता कामगाराच्या पायांकडे बघा. पॅन्ट बुटात खोचली असेल, तर रसाचा थेंब थेट बुटात उतरतो. पॅन्ट बुटावरून हवी, त्यावर चामड्याचं आवरण, आणि बूट बिनलेसचा, झटक्यात निघणारा. टेरिकॉटचा शर्ट नकोच, तो वितळून कातडीला चिकटतो. चेहऱ्यावर शील्ड, अंगात उष्णता परतवणारा कोट. भट्टीपुढे तो कोट घालून उभं राहणं सोपं नाही. म्हणूनच पंखे, प्यायचं पाणी आणि मधली विश्रांती ही मालकाची जबाबदारी आहे, मेहेरबानी नाही.

एवढं करूनही कुणी भाजलंच, तर तेच पाणी लागतं. नळाचं, वाहतं, २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. अंगठी, घड्याळ लगेच काढा, चिकटलेलं कापड मात्र ओढू नका. मग स्वच्छ कापडाने झाका आणि तडक दवाखाना. हा नळ रसाच्या वाटेपासून लांब हवा, तरी भाजलेल्या माणसाला लगेच गाठता यायला हवा.

बाहेर पाऊस वाढलाय. भट्टीत भंगार भरणारा मुलगा ढिगातला एक पाइप उचलतो, उभा धरतो. धार लागते. तो पाइप बाजूला टाकतो आणि दुसरा उचलतो.